अपुरी ओळ

मंजूषा शेवाळेने वयाच्या चोविसाव्या वर्षी एक प्रोग्रॅम लिहिला. तीनशे बारा ओळींचा. पुण्यात पर्जन्यमापक बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत ती तेव्हा नोकरीला होती. गावोगावच्या मापकांकडून येणाऱ्या आकड्यांत कचरा फार असायचा. नको ती चिन्हं, रिकाम्या ओळी, दोनदा आलेला तोच आकडा. तो कचरा बाजूला काढून स्वच्छ ओळी पुढे सोडायच्या, एवढंच या प्रोग्रॅमचं काम, म्हणून तिने त्याचं नाव ठेवलं गाळणी. गाळणीला ना चित्रं होती ना बटणं. काळ्या पडद्यावर नाव टाइप करून एंटर दाबलं की ती कामाला लागायची. मंजूषाने ती सगळ्यांसाठी फुकट खुली करून ठेवली. पुढच्या पस्तीस वर्षांत तिच्या नोकऱ्या बदलल्या, केस पांढरे झाले, पण गाळणीची देखभाल तिने दुसऱ्या कुणाकडे दिली नाही.

असे प्रोग्रॅम नळीसारखे असतात. एका तोंडातून माहिती आत येते, दुसऱ्यातून बाहेर पडते. आत येण्याच्या तोंडाला संगणकवाले स्टँडर्ड इनपुट म्हणतात. त्या तोंडाशी कोण बसलंय याची चौकशी प्रोग्रॅम सहसा करत नाही. कीबोर्डवर बोटं चालवणारा माणूस असेल, साठवलेली फाइल असेल, नाहीतर आधीच्या एखाद्या प्रोग्रॅमचं बाहेरचं तोंड तिथे जोडलेलं असेल. प्रोग्रॅम एकेक अक्षर घेत राहतो. ओळ संपल्याची खूण आली की ती ओळ पुरी झाली. सगळंच संपल्याची खूण आली की काम संपलं. आणि काहीच आलं नाही, तर थांबायचं. एक मिनिट, एक तास, एक वर्ष, कितीही.

सुरुवातीच्या काळात नांदेडच्या एका ग्रंथपालाने तिला पत्र लिहिलं होतं. ‘मी गाळणी सुरू केली आणि फाइलचं नाव द्यायचं विसरलो. अर्धा तास ती नुसती बसून राहिली. मला वाटलं, संगणक बिघडला. मी तुमच्या टाइप करण्याची वाट पाहते आहे, एवढं तरी तिने सांगावं.’ मंजूषाने उत्तर पाठवलं होतं, ‘गप्प बसणं हा दोष नाही. ती ऐकते आहे.’ ते उत्तर तेव्हा तिचं तिलाच फार आवडलं होतं.

पुढे दोन हजार चाळीस साली एका अनोळखी माणसाने तिला गाळणीत घालण्यासाठी एक सुधारणा पाठवली. गाळणीला मुदत देता यावी. चार सेकंद असं सांगितलं, आणि चार सेकंदांत पुढचं अक्षर आलं नाही, तर जे हाताशी असेल ते तिने पुढे सोडून द्यावं. कोड नेटका होता, चाचण्याही जोडलेल्या होत्या. मंजूषाला त्या दुपारी दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. तिने वीस मिनिटं तो वाचला आणि स्वीकारून टाकला.

तीन वर्षांनी, जानेवारीतल्या एका सकाळी, कुठल्याशा डाळमिलमधल्या ऑपरेटरची तक्रार आली. त्यांच्या वजनकाट्याची तार सैल झाली होती. काट्याने चौऱ्याहत्तर हा आकडा पाठवला. त्यातला सात आला, मग पाच-सहा सेकंद काही नाही, मग चार आला. गाळणीने सात हा एक आकडा म्हणून पुढे पाठवला आणि चार हा दुसरा. चौऱ्याहत्तर किलोचं पोतं कागदावर सात किलोचं झालं. ‘आमचं नुकसान काही झालं नाही, लगेच लक्षात आलं,’ असं त्याने सभ्यपणे लिहिलं होतं, ‘पण अर्धा आकडा हा पूर्ण आकड्यासारखाच दिसतो हो.’

मंजूषाच्या हातातला चहा निवत गेला. मुदत संपणं आणि ओळ संपणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी. तिच्या गाळणीला त्यांतला फरक कळत नव्हता. काही तरी आत अडकलंय, अजून यायचंय, हे पुढच्या प्रोग्रॅमला सांगायची सोयच तिने ठेवली नव्हती. मुदतीची ही सोय कोण कोण वापरत असेल, याचा ती विचार करू लागली, आणि तिला कराडच्या घरातली, ताईच्या उशाशी ठेवलेली ती निळी पुस्तिका आठवली.

सुलभाताई तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. बावीस वर्षं ती कराडच्या एसटी स्थानकावर चौकशीच्या खिडकीमागे बसून गाड्या पुकारत असे. निवृत्तीनंतरही बाजारात कुणाशी दोन शब्द बोलली की लोक वळून बघायचे, इतका तो आवाज गावाच्या कानात बसलेला. एक्केचाळीसच्या दसऱ्याला तिच्या मेंदूच्या देठात रक्ताची गाठ अडकली. जीव वाचला. समज पूर्ण राहिली. पण डोळ्यांखालचं काहीच हलेना, जीभसुद्धा नाही. डोळे तेवढे वरखाली व्हायचे आणि मिटायचे.

त्यानंतर सात महिन्यांनी पुण्याच्या एका संशोधन प्रकल्पाने तिला स्वरसेतू बसवला. मेंदूच्या ज्या भागातून जिभेला आणि ओठांना हुकूम सुटतात, तिथे पोस्टाच्या तिकिटाएवढी पातळ जाळी ठेवतात. बोलायचं मनात आलं की हुकूम सुटतातच, फक्त स्नायूंपर्यंत पोचत नाहीत. जाळी ते वाटेतच टिपते. पुढे एकाला एक जोडलेले चार प्रोग्रॅम. पहिला त्या हुकुमांची अक्षरं करतो. दुसरा कचरा गाळतो. तिसऱ्याला त्या माणसाचे जुने मेसेज आणि पत्रं शिकवलेली असतात, त्यावरून तो तुटक ओळ नीट वाक्यात बसवतो, राहिलेली शेपूट जोडतो. चौथा आवाज देतो. सुलभाच्या घोषणांच्या फिती डेपोत सापडल्या, त्यामुळे तिला तिचाच आवाज परत मिळाला. कधीकधी तो फितींच्या वळणावर जायचा. भावोजींना एकदा ऐकू आलं, ‘कृपया लक्ष द्या, चहा थंड होत आहे.’ ते दिवसभर हसत होते.

दुसरा प्रोग्रॅम गाळणी होता. स्वरसेतूच्या त्या निळ्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत मंजूषाचं नाव छापलेलं होतं.

त्या आवाजाने मागच्या दिवाळीत तिला जे दिलं, त्याची किंमत मंजूषालाच ठाऊक होती. अकरा वर्षांपूर्वी त्यांची आई सातारच्या एका रुग्णालयात व्हेंटिलेटरवर होती. गौरी-गणपतीचे दिवस, जादा गाड्या, सुलभाला खिडकी सोडता येत नव्हती. ती पाचपर्यंत पोचणार होती. दुपारी तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की आता यातून काही निघणार नाही, नळी काढायची तर घरच्यांची सही लागेल. मंजूषाने दोन वाजता सही केली. सुलभा आली तेव्हा आईच्या तोंडावरून चादर ओढलेली होती.

सुलभा त्या दिवशी काही बोलली नाही. नंतरही नाही. सणावाराला बोलावणं यायचं, मेसेज यायचे, ‘पोचलीस का’, ‘तब्येत सांभाळ’. भांडण असं कधी झालंच नाही, त्यामुळे ते मिटायचाही प्रश्न नव्हता. आणि मग मागच्या दिवाळीत मंजूषा पलंगाशेजारी बसली असताना, कुणी काही विचारलेलं नसताना, तो आवाज म्हणाला होता, ‘तू योग्यच केलंस, मंजूषा.’ थोड्या वेळाने, ‘थांब जरा, चहा घेऊन जा.’ मंजूषा स्वयंपाकघरात गेली होती आणि ओट्याला धरून बराच वेळ उभी राहिली होती.

डाळमिलची तक्रार वाचल्यावर दुसऱ्याच दिवशी ती कराडला गेली. भावोजी भाजीला निघाले होते. “बरं झालं आलीस,” ते म्हणाले. “तुमी दोघी बोलत बसा. मी आलोच तासाभरात.”

सुलभा उशांना टेकून होती. खिडकीतून ऊन तिच्या पायांवरल्या शालीवर आलं होतं. पलंगाला लावलेल्या डब्यातून आवाज आला, “ये गं. प्रवास बरा झाला ना?”

मंजूषा खुर्ची ओढून अगदी समोर बसली. यंत्र येण्यापूर्वी सात महिने घरात डोळ्यांची भाषा चालायची. वर पाहिलं की हो, मिटले की नाही. अक्षरांचा तक्ता होता, भावोजी त्यावर बोट फिरवत. यंत्र आलं आणि तक्ता कपाटामागे गेला. सगळे आवाजाकडे कान देऊ लागले. ताईच्या डोळ्यांकडे आपण शेवटचं कधी पाहिलं, हे मंजूषाला आठवेना.

“ताई, पूर्वीसारखं करायचंय. हो असेल तर वर बघ. नाही असेल तर मिट.”

“विचार की,” यंत्र म्हणालं.

“हे यंत्र जे बोलतं, ते तुझं असतं का?”

सुलभाने डोळे मिटले. घट्ट मिटले, आणि मिटलेलेच ठेवले. त्याच वेळी डब्यातून तिचा तो ओळखीचा, स्वच्छ आवाज आला, “माझंच आहे गं. दुसऱ्या कुणाचं असणार?”

मंजूषाने हात लांब करून आवाजाची कळ बंद केली. खोलीत रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज तेवढा राहिला.

“त्यातलं काहीच तुझं नसतं?” तिने विचारलं. सुलभाचे डोळे उघडले, पण वर गेले नाहीत. “छोटे शब्द बरोबर येतात? पाणी, दुखतंय, असे?” डोळे वर गेले. “मोठं वाक्य आलं की तुटतं?” डोळे पुन्हा वर.

डब्यात प्रत्येक दिवसाची नोंद साठत असे. ती वाचायची म्हणजे ताईच्या मनात निघालेलं आणि बाहेर न पडलेलं सगळं वाचायचं. कालपर्यंत मंजूषाने यंत्रालाच विचारलं असतं आणि यंत्राने आनंदाने परवानगी दिली असती. आता तिने ताईला विचारलं. सुलभाने वर पाहिलं, आणि नजर खाली यायला वेळ लावला.

मंजूषाने लॅपटॉप जोडला. काळा पडदा, पांढरी अक्षरं. डावीकडे आत काय आलं ते, उजवीकडे बाहेर काय गेलं ते. गेल्या काही मिनिटांतली ओळ समोरच होती. आत आलेलं: ‘माझं’. मग चार सेकंद, मुदत संपली. बाहेर गेलेलं: ‘माझंच आहे गं. दुसऱ्या कुणाचं असणार?’ मग सहाव्या सेकंदाला आत आलेलं: ‘नाही’. त्याचं वाक्य ऐकू आलं नाही, कारण तोवर डब्याचा आवाज बंद झाला होता.

ती मागे मागे जात दिवाळीच्या पाडव्यापर्यंत गेली. आत आलेलं: ‘तू’. मुदत संपली. बाहेर: ‘तू योग्यच केलंस, मंजूषा.’ नऊ सेकंदांनी आत: ‘थांबा’. बाहेर: ‘थांब जरा, चहा घेऊन जा.’ मग आत ‘यला’, हा शब्द होत नाही म्हणून गाळणीने काढून टाकलेला. मग ‘हवं’. बाहेर: ‘हवं तर लाडू बांधून देते.’ मग ‘होतं’. बाहेर: ‘होतं असं कधीकधी.’

ते लाडूसुद्धा मंजूषाला आठवत होते. भावोजींनी कागदात बांधून दिले होते.

तिने उजवी बाजू हाताने झाकली आणि डावीकडचे तुकडे वरून खाली वाचले. तू. थांबा. यला. हवं. होतं. पाचही तुकडे ताईने जवळजवळ मिनिटभर खपून एकामागोमाग बाहेर ढकलले होते. आजाराने तिच्या बोलण्याचे हुकूमच मंद झाले होते, दोन शब्दांमध्ये तिला सहा, आठ, दहा सेकंद लागत. तिच्या वाक्याची प्रत्येक फांदी यंत्राने छाटली आणि तिथे दुसऱ्याच झाडाचं कलम लावलं. आणि ते सगळं ती स्वतःच्या आवाजात ऐकत पडली होती, आठ महिने. मध्ये थांबवायला म्हणून काही म्हणावं, तर त्याचंही गोड वाक्य होत होतं.

मंजूषाने लॅपटॉप मिटला. “मी वाचलं, ताई,” ती म्हणाली. “दिवाळीचं.” सुलभा तिच्याकडे पाहत राहिली.

प्रकल्पाचे प्रमुख डॉक्टर मुजावर सांगलीकडचे, पन्नाशीचे, शांत गृहस्थ. मंजूषाने फोनवर त्यांना सगळं सांगितलं.

“मुदत आम्ही मुद्दाम घातली, मॅडम,” ते म्हणाले. “पहिल्या आवृत्तीत नव्हती. रुग्ण बोलायला वेळ लावायचा, यंत्र गप्प बसायचं, आणि घरचे फोन करायचे की डबा बंद पडला. दोघांनी तर कंटाळून यंत्र काढूनच टाकलं. बहुतेक रुग्णांना चार सेकंद पुरतात. आम्ही चाचणीही घेतली होती.”

“चाचणी कशाने घेतली? छोट्या वाक्यांनी?”

“हो,” डॉक्टर म्हणाले. “‘मला पाणी हवंय’, अशा.”

“घरच्यांना वाटलं यंत्र बंद पडलं, कारण ते वाट बघतंय हे यंत्र सांगत नव्हतं. ती चूक माझी आहे, पस्तीस वर्षांची. मुदतीची चूकही माझीच. मी ती वाचून स्वीकारली होती. दोन्ही मी दुरुस्त करते. पण यंत्रात घालणं तुमच्या हातात आहे.”

“बोलणं फार मंदावेल. मिनिटाला चाळीस शब्दांवरून चार-पाचवर येईल.”

“तिचे चार-पाच,” मंजूषा म्हणाली.

डॉक्टरांनी दोन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला तेव्हा आवाज थकलेला होता. एकशे साठ रुग्णांच्या नोंदी त्यांनी आपल्या लोकांकडून तपासून घेतल्या होत्या. एकतीस जणांची वाक्यं अशीच तुटलेली होती. “त्या घरांना आम्ही कळवतो आहोत,” ते म्हणाले. “सोपं नाही ते. एका बाईंनी मला विचारलं, मग माझ्या मुलाने मला आई म्हणून हाक मारली, ती तरी त्याची होती का? ती होती, मी पाहून सांगितलं. तुमची दुरुस्ती पाठवा. सुरुवात तुमच्या बहिणीपासून करू. घरच्यांची संमती लागेल, आणि त्यांची स्वतःची. डोळ्यांनी दिलेली चालेल.”

दुरुस्ती लहान होती. मंजूषाला एक दुपार पुरली. मुदत संपली तर गाळणीने तसं सांगायचं, हातातली अपुरी ओळ अपुरी म्हणूनच ठेवायची आणि पुढचं अक्षर आलं की त्यालाच जोडायची. ओळ संपली असं फक्त पाठवणाराच म्हणू शकतो, गाळणीने ते स्वतःच्या मनाने ठरवायचं नाही. सुलभाने एकदा वर पाहिलं की ओळ संपली, असं डॉक्टरांशी ठरलं. तिसऱ्या प्रोग्रॅमला शेपूट जोडायची मनाई. आणि समोर माणूस असेल तर गप्प न बसता एक ओळ दाखवायची: वाट पाहत आहे.

भावोजींनी संमतीचा कागद वाचला, चष्मा काढला आणि कागद टीपॉयवर पालथा ठेवला. ते एसटीच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं उघडण्यात उभं आयुष्य घालवलेले, कमी बोलणारे गृहस्थ होते.

“मला नको हे,” ते म्हणाले.

“भावोजी, ते तिचं नाही.”

“तू सांगितलंस, मला कळलं. पण माझं ऐक. मी पहाटे वर्कशॉपला, ही दुपारपाळीला. घरात आमचं बोलणं काय, तर दूध आलं का आणि किल्ली कुठं ठेवली. आता आठ महिने ही माझ्याशी बोलतीय. परवा म्हणाली, तुमच्यामुळं माझं सगळं नीट चाललंय. एवढं कधी म्हणाली नव्हती.” त्यांनी नाकावरच्या चष्म्याच्या खुणा चोळल्या. “ते तिचं नव्हतं म्हणतेस. मग मी कुणाशी बोलत होतो?”

मंजूषालाही दिवाळीतलं ते एक वाक्य परत करायचं होतं, आणि ते किती जड जातं हे तिला कळत होतं. “नोंदीत बघता येईल,” ती म्हणाली. “परवाचं वाक्य तिने कुठपर्यंत म्हटलं होतं ते.”

“नको,” भावोजी म्हणाले.

ते उठले आणि पलंगाशी जाऊन उभे राहिले. मग, गुडघ्यांची कुरकुर सोसत, खाली वाकले, सुलभाच्या नजरेसमोर आपला चेहरा येईल इतके.

“सुले, ही म्हणतीय तसं केलं तर दिवसाला दहा वाक्यं होतील तुझी. चालंल तुला?”

सुलभाचे डोळे वर गेले. ते तसेच वर राहिले, पापण्या थरथरायला लागल्या तरी. भावोजी बघत राहिले. मग त्यांनी टीपॉयवरचा कागद सरळ केला आणि खिशातलं पेन काढलं.

गुरुवारी सकाळी प्रकल्पाच्या तंत्रज्ञाने पुण्याहूनच नवी आवृत्ती चढवली. डबा एकदा बंद होऊन सुरू झाला. त्याच्या अंगावर पूर्वी नसलेली एक हिरवी पट्टी उजळली आणि तिच्यावर अक्षरं आली: वाट पाहत आहे.

मंजूषा आणि भावोजी पलंगाच्या दोन बाजूंना बसले. पाच मिनिटं गेली. भावोजींचा हात सवयीने डब्याकडे गेला, पट्टी वाचून परत आला. आणखी थोड्या वेळाने पट्टीवर एक शब्द उमटला, ‘तू’, आणि त्यापुढे तीन ठिपके, अपुरी ओळ असल्याची खूण. मंजूषाला पुढचे शब्द माहीत होते. तरी ते एकेक येईपर्यंत तिने पट्टीवरून नजर हलवली नाही. शेवटी सुलभाने वर पाहिलं आणि आवाज आला, घोषणेचा लवलेश नसलेला, सपाट.

“तू थांबायला हवं होतं.”

“हो,” मंजूषा म्हणाली. “थांबायला हवं होतं. तीन तासांचा प्रश्न होता. आईची तगमग मला बघवेना, म्हणून मी सही केली. तुला फोनसुद्धा सहीनंतर केला. आधी केला असता तर तू थांब म्हणाली असतीस, हे मला माहीत होतं.”

हे तिने अकरा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. भावोजी जमिनीकडे बघत होते.

पट्टीवर पुन्हा तेच: वाट पाहत आहे. ऊन सरकत शालीवरून फरशीवर उतरलं. भावोजींनी उठून सुलभाच्या ओठांना ओला कापूस लावला आणि परत बसले. मग पट्टीवर ‘आई’ आलं. मग पुष्कळ वेळाने ‘शेवटी’. मंजूषाने शब्दांचा अंदाज करायचा नाही असं मनाशी ठरवलं होतं, तरी तिचं मन पुढे धावत होतं. ‘काही’ आलं. मग ‘बोलली’. सुलभाने वर पाहिलं.

“आई शेवटी काही बोलली?”

एवढं साधं विचारायला तिला अकरा वर्षं लागली होती. मंजूषाने तोंड उघडलं आणि तिच्या जिभेवर एक आयतं वाक्य तयार होतं. तुझं नाव घेतलं. सुलू कुठाय विचारलं. एवढं म्हटलं असतं की झालं असतं. ताईने ते जन्मभर जपलं असतं, आणि ते खरं की खोटं हे सांगायला तिसरं कुणी नव्हतं.

“नाही, ताई,” ती म्हणाली. “नळी होती, त्यामुळे आधी बोलता येत नव्हतं. नळी काढल्यावरही काही बोलली नाही. डोळे उघडे होते, पण मला ओळखलं की नाही ते मला माहीत नाही. मी हात धरला होता. हात गार होता. वीस-एक मिनिटं गेली, बस्स. मला अजून काही सांगता येत नाही, कारण अजून काही झालंच नाही.”

सुलभाच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे उतरलं. भावोजींनी ते आपल्या रुमालाने टिपलं, एका बाजूचं, मग दुसऱ्या बाजूचं. मंजूषा पट्टीकडे बघत होती आणि तिला वाटत होतं, आता यापुढे काही येणारच नाही, आणि ते बरोबरच असेल.

पाऊण तासाने शब्द यायला लागले. दोनच होते.

“सकाळपासून सांग.”

मंजूषाने खुर्ची आणखी पुढे ओढली. भावोजी चहा टाकायला उठले होते, ते दारातच थांबले आणि मागे येऊन बसले.

“सकाळी सहाला मी रुग्णालयात पोचले,” मंजूषा म्हणाली. “रात्रीच्या नर्सबाई जायच्या होत्या, दिवसाच्या आल्या नव्हत्या. आईची वेणी सुटली होती, म्हणून आधी मी फणी शोधली.”